पोकळ वाजणारी भिंत

८ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुम्ही नव्या घरात राहायला जाऊन महिना झाला. तिथे मी बसवलेले सेन्सर रोजचे आकडे माझ्या ऑफिसात पाठवतात, हे तुला माहीत आहे. तापमान ठीक आहे. ओल ठीक आहे. बाहेरची हवा गाळून आत आणणारं यंत्र नीट चाललं आहे. घरातली धूळ तर कारखान्याच्या जुन्या क्वार्टरच्या मानाने इतकी कमी आहे, की सेन्सर बिघडला नाही ना, असं माझ्या साहेबांनी दोनदा विचारलं. बिघडलेला नाही.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. माणूस दार लावून झोपला की त्याच्या श्वासाने खोलीतला कार्बन डायॉक्साइड वाढत जातो आणि सकाळी दार उघडलं की उतरतो. तुझ्या आणि दादाच्या खोलीत रोज तसं होतं. अप्पांच्या खोलीत होत नाही. तिथली रेघ रात्रभर सरळ असते. याचा अर्थ त्या खोलीत कोणी झोपत नाही.

अप्पा कुठे झोपतात?

घरातली सगळ्यात चांगली खोली मी त्यांना दिली आहे. सकाळचं ऊन, रंगाला वास नाही, थंडीत शेगडी लागणार नाही. जन्मभर दगड घडवून त्यांच्या छातीत जी धूळ बसली ती आता निघणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. नवी जाऊ नये, एवढंच आपल्या हातात आहे. घर त्यासाठीच बांधलं. अप्पा त्या खोलीत झोपणार नसतील तर मी केलेल्या बाकी सगळ्या कामाला तसा काही अर्थ नाही.

दादाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, सगळं मस्त. त्याचं सगळं नेहमीच मस्त असतं, म्हणून तुला लिहिते आहे.

तुझी नणंद


१५ ऑक्टोबर

प्रिय फूटपट्टी,

पत्र मिळालं. घरात कोण कुठल्या खोलीत श्वास घेतं हेही तुला तिकडे बसून कळतं, म्हणजे आता मला तुझ्या भावाशी भांडायचं झालं तर अंगणात जावं लागणार. लहानपणी तू सगळ्यांच्या पोळ्या फूटपट्टीने मोजायचीस म्हणून तुला हे नाव पडलं. मला वाटलं होतं मोठी झाल्यावर सुधारशील.

पत्रानेच विचारलंस ते बरं केलंस. फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही. नजर गेल्यापासून अप्पांचे कान असे तीक्ष्ण झालेत की मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी ते बाहेरून उत्तर देतात. त्यात तुझं हे घर. बाहेरचं काही आत येत नाही, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येतं. कागद तेवढा त्यांना ऐकू येत नाही.

अप्पा बाहेरच्या खोलीत झोपतात. दाराजवळ. नवीन जागा आहे, हाताला अजून सवय नाही, दाराशी मोकळं वाटतं म्हणतात. दिवसा जुन्या क्वार्टरवर जाऊन बसतात. पुढच्या वर्षअखेरपर्यंत ते आपल्याच ताब्यात आहे आणि रस्ता त्यांना पाठ आहे, काठी टेकत बरोबर पोचतात. समोरच्या दगडाच्या कारखान्यातले जुने सोबती जेवणाच्या सुट्टीत येऊन बसतात. संध्याकाळी मी औषधाच्या दुकानातून सुटले की त्यांना घेऊन घरी येते.

बाकी तब्येत आहे तशीच आहे. तू फार मनाला लावून घेऊ नकोस. म्हाताऱ्या माणसांना आणि मांजरांना घर बदललेलं आवडत नाही, थोडे दिवस फुगून बसतात.

तुझी वहिनी


२१ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

अप्पा दिवसभर कारखान्यासमोर बसणार असतील तर आपण घर बांधलं कशाला? क्वार्टरची दारं नीट बसत नाहीत, कापायची यंत्रं रस्त्यापलीकडे आहेत. तिथली धूळ मी बांधकामाआधी मोजली होती. तो आकडा मी तुम्हाला मुद्दामच सांगितला नव्हता. रात्री गाळलेली हवा आणि दिवसा ती धूळ, याने काही साधत नाही.

दाराजवळ झोपण्याचं कारण मला पटलेलं नाही. त्यांच्या खोलीत हवा येण्याच्या झरोक्यातून गार झोत लागतो का? चुन्याचा वास येतो का? गादी बदलली का? यातलं काही असेल तर सांग, दुरुस्त करता येईल.

दादा काल फोनवर हसत सांगत होता, की अप्पा भिंतींबद्दल काहीतरी बोलतात, आवाज बरोबर नाही म्हणतात. त्याने त्यांना "अप्पा, आता तुमचे कानही गेले" असं सांगून गप्प केलं म्हणे. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. दिसत नसलेल्या माणसाचं ऐकणं कमी होत असेल तर तो पडू शकतो. मी कानाच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे, चिठ्ठी सोबत जोडते. त्यांना घेऊन जा.

आणि क्वार्टरला कुलूप लाव. किल्ली मला पाठव. दादाकडे ठेवू नकोस, अप्पांनी मागितली की तो देऊन टाकेल.

तुझी नणंद


४ नोव्हेंबर

प्रिय फूटपट्टी,

कान तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकं चांगलं ऐकणारा माणूस मी क्वचितच पाहतो. मला वाटलं अप्पा खूश होतील. पण परत येताना, घर जवळ आल्यावर मला विचारलं, हा डॉक्टर तुमच्या ओळखीचा आहे का. मी नाही म्हटलं. तर म्हणाले, मग पोरीने सांगून ठेवलं असेल त्याला, म्हाताऱ्याला बरं वाटेल असं बोल म्हणून.

गेल्या पत्रात मी तुला खरं लिहिलं नव्हतं. अप्पांना शब्द दिला होता. पण आता ते जेवणही अर्धंच घेतात, म्हणून शब्द मोडते.

पहिल्या दिवशी आम्ही सामान लावत होतो तेव्हा ते काठीने भिंत ठोकत खोलीभर फिरले. मग बोटाच्या पेराने ठोकलं. मग कान लावून. मला वाटलं, खोलीचा अंदाज घेताहेत. पाथरवट माणूस, दगड हातात आला की आधी वाजवून बघायची सवय. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर आत भेग. आता डोळे नाहीत, तर काठी ठोकूनच ते चालतात, आणि काठी जे सांगेल तेच त्यांना दिसतं. तुझ्या घरातली प्रत्येक भिंत त्यांना बद्द सांगते.

आपण तिघांनी मिळून ठरवलं होतं की पेंढा हा शब्द घरात काढायचा नाही. तुझा दादा म्हणाला होता, पेंढ्याचे गठ्ठे रचून भिंती केल्यात हे कळलं तर अप्पा पायरी चढणार नाहीत. तू त्यांना एवढंच सांगितलंस की भिंत दीड हात जाड आहे आणि वर चुन्याचा गिलावा आहे. आत दगड आहे हे त्यांनी आपलं आपणच धरलं.

आठवडाभराने एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "सूनबाई, तुझी खाट भिंतीपासून लांब घे. भिंत आतून सुटली आहे. एक नाही, सगळ्या." मी म्हटलं, अप्पा असं काही नाही. तर म्हणाले, "तिला सांगू नकोस. तिने कागदावर सही केली असणार. ठेकेदाराने फसवलं तिला. हे बाहेर कळलं तर पोरीची नोकरी जाईल."

तेव्हाच सांगायला हवं होतं मी. तुझ्या दादाकडे गेले, तर तो त्यांना कान गेल्याचं सांगून मोकळा झाला. तेव्हापासून ते कधी भिंतीवर विश्वास ठेवत नाहीत, कधी स्वतःच्या कानांवर. दाराची चौकट लाकडाची आहे, ती त्यांना बरोबर वाजते. म्हणून चौकटीत अंथरूण घालतात.

क्वार्टरला तू सांगितल्याप्रमाणे कुलूप लावलं. आता ते बाहेर पायरीवर बसतात, म्हणजे उलट रस्त्यावरच. किल्ली पाठवत नाही. रागाव हवं तर.

तुझी वहिनी


१० नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

किल्ली पाठवू नकोस. आजच कुलूप काढ, त्यांना निदान आत बसू दे.

भिंती सुटलेल्या नाहीत. घराचा भार लाकडी सांगाड्यावर आहे, पेंढा फक्त मधली जागा भरतो. तो दाबून घट्ट बसवलेला आहे, दोन्ही बाजूंनी चुना आहे, त्याला ओल लागत नाही, आणि आग सहज धरत नाही याची चाचणी झालेली आहे. अशी भिंत वाजत नाही. ती वाजत नाही म्हणूनच ऊब धरते. माझ्या हिशोबाने ती उत्तम भिंत आहे. अप्पांच्या हिशोबाने वर्षानुवर्षं तसा आवाज ज्या दगडातून आला तो त्यांनी बाजूला फेकला. त्यांनी आवाज अचूक ऐकला. आत काय आहे ते आपण त्यांना सांगितलं नव्हतं.

अशी घरं बांधणाऱ्यांमध्ये एक पद्धत आहे. कुठल्या तरी एका भिंतीत हातभर जागा गिलाव्याशिवाय ठेवतात, वर काच लावतात. आत काय भरलंय ते येणाऱ्याला दिसावं म्हणून. माझ्या पहिल्या आराखड्यात ती जागा अप्पांच्या खोलीत होती. मी खोडली.

त्यांना मी स्वतः सांगणार आहे. फोनवर नाही आणि दादाकरवी तर अजिबात नाही. २८ तारखेला साहेब असंच घर बांधून हवं असलेल्या दोन गिऱ्हाइकांना घेऊन आपलं घर बघायला येणार आहेत, ते तुला दादा सांगेलच. त्याच्या आदल्या दिवशी मी येते. त्याआधी रजा मिळत नाही. तोवर काही बोलू नकोस. इतके दिवस गेले, अजून थोडे जाऊ देत.

जेवणाचं लक्ष ठेव.

तुझी नणंद


२४ नोव्हेंबर

प्रिय फूटपट्टी,

फोनवर तुझ्या दादाने तुला नुसतं "अप्पांना दवाखान्यात ठेवलंय" एवढं सांगितलं. बाकीचं त्याच्याकडून नीट कळणार नाही म्हणून लिहिते. उद्या परवा तू इथे असशील, तेव्हा हे पत्र तुझा दादा तुझ्या हाती देईल; तोंडाने हे मला सांगता येईल असं वाटत नाही.

तुझे साहेब येणार हे मी अप्पांना सांगितलं. दुसरं काही बोलले नाही. पाहुणे यायचेत, दाढी करून घ्या, एवढंच. त्यांनी विचारलं, घर बघायला येणार? मी हो म्हटलं. भिंती बघणार? मी हसून म्हटलं, घर बघायचं म्हणजे भिंती आल्याच.

काल मी दुपारी दुकानातून लवकर आले. अप्पा त्यांच्या खोलीत जमिनीवर बसले होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. हातात छिन्नी, बाजूला हातोडी. दोन्ही अवजारं क्वार्टरमधून आणलेली. शेजारी घमेल्यात चुना कालवून ठेवलेला. पाहुणे यायच्या आत सुटलेला दगड चेपून, वरून गिलावा करून, भिंत निदान बघण्यापुरती नीट करायची होती त्यांना. त्यांच्या अंदाजाने सगळ्यात वाईट वाजणारी जागा निवडली होती. भोक किती सुबक पाडलंय ते तू बघशीलच.

मूठ भरून पेंढा होता हातात. माझी चाहूल लागली तशी ती मूठ पुढे केली.

"पोरीला फार फसवलं गं," म्हणाले. "भिंतीत दगडच नाही. गवत कोंबलंय."

त्यांचा आवाज तू ऐकला नाहीस ते बरं झालं. आता ती साहेबाला काय तोंड दाखवेल, ठेकेदार कुठे राहतो, आपण दोघं जाऊ, असं काय काय बोलत होते, आणि मध्येच खोकत होते. मला राहवलं नाही. मी खाली बसले आणि सांगितलं. की हे असंच बांधायचं ठरलं होतं. की कोणी फसवलं नाही.

"तिला माहीत होतं?"

हो म्हटलं.

"पोराला?"

हो.

मग माझ्याकडे तोंड केलं आणि मी काही बोलले नाही. त्यांना ऐकू आलंच.

त्यांनी मुठीतला पेंढा खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे माझे कान शाबूत आहेत." मला वाटलं, आता हसतील. तर म्हणाले, "नजर देवाने नेली, त्याचं मला वाईट वाटलं नाही. कान तुम्ही नेत होतात."

त्यानंतर खोकला थांबेना. चुन्याची आणि पेंढ्याची धूळ, बंद खोलीत, किती वेळ ती खात बसले होते कोण जाणे. ओठ निळे पडले तशी रिक्षा बोलावली. डॉक्टर म्हणतात, छातीच्या फोटोत डाग मागच्यापेक्षा बरेच मोठे दिसताहेत, हे एका दिवसाचं नाही.

रिक्षात बसताना ते रिक्षावाल्याला म्हणाले, दवाखान्यातून परत न्यायचं ते क्वार्टरवर. माझ्याशी काही बोलले नाहीत.

तुझी वहिनी


९ डिसेंबर
क्वार्टर

प्रिय वहिनी,

हे पत्र दादाच्या हाती देते आहे. एकाच गावात राहून पत्र लिहिणं विचित्र आहे, पण इथे तुझ्याशी फोनवर बोललं तर अप्पा ऐकतील, आणि त्यांना सोडून मी बाहेर जात नाही.

साहेबांना मी घर दाखवलं नाही. घरात आजारी माणूस आहे असं कळवलं. ते खरं आहे.

आल्यापासून मी इथे काय काय केलं ते सांगते. रस्त्याकडची खिडकी पट्ट्या लावून बंद केली. दाराच्या फटीत कापड कोंबलं, उंबऱ्यावर ओलं गोणपाट टाकलं. नव्या घरातलं गाळणीचं यंत्र काढून आणून इथे लावायला बघितलं, पण या भिंती आणि छपरातून इतकी हवा आत येते की त्याचा उपयोग नाही. धूळ निम्म्याने कमी झाली. ती निम्मीही त्यांच्यासाठी फार आहे. नव्या घरात ते आजही परत आले तर काही महिने जास्त काढतील, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं.

मी त्यांना तसं सांगून परत यायची विनंती केली. भिंत कशी बांधली तेही सगळं सांगितलं, सांगाडा, गठ्ठे, चुना, चाचण्या. त्यांनी नीट ऐकलं. मधे मधे प्रश्न विचारले, आणि प्रश्न चांगले होते. उंदीर लागतील का. कोपऱ्यात गठ्ठे कसे अडकवले. चुन्यात काय मिसळलं. शेवटी म्हणाले, घर चांगलं आहे, तू चांगलं काम केलंस. मला वाटलं, आता येतील.

ते म्हणाले, "पण तिथे मला प्रत्येक पावलाला कोणाच्या तरी शब्दावर चालावं लागेल. इथे लागत नाही."

घर बांधताना मी हवा, ओल, ऊब, धूळ, उजेड एवढ्या गोष्टी धरल्या होत्या. ही धरली नव्हती. ती कशी मोजतात हे मला माहीतही नाही.

तू पंधरा दिवसांत इकडे फिरकली नाहीस. दादा म्हणतो, तुला दुकानात काम आहे. अप्पा विचारत नाहीत, पण संध्याकाळी तुझं दुकान सुटायची वेळ झाली की बोलता बोलता थांबतात. पायरीवर कोणी चढलं की मान वळवतात, आणि चाल तुझी नाही हे कळलं की पुन्हा भिंतीला टेकतात. ते तुझ्यावर रागावले असतील तर तो राग तिघांच्या वाट्याचा आहे. तू एकटीने तो घेऊन बसू नकोस. आपल्यापैकी त्यांना खरं सांगितलं ते तूच.

काल दादा इथे येऊन गेला. अप्पांना म्हणाला, थोडी थंडी सरू दे, उन्हाळ्यात तुम्ही ठणठणीत व्हाल, आपण सगळे फिरायला जाऊ. अप्पा बरं बरं म्हणाले. तो गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"डॉक्टर तुला काय म्हणाले?"

मी आधी औषधांचं सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. म्हणाले, "भिंतीची जाडी नको सांगू."

मग मी सांगितलं. इथे राहिले तर पुढचा हिवाळा दिसणार नाही. कदाचित उन्हाळाही नाही. डॉक्टरांनी जे शब्द वापरले तेच वापरले, कमी-जास्त केले नाहीत. माझा आवाज नीट होता, असं मला वाटतं.

ते ऐकत होते. दगड हातात घेऊन वाजवताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता. मग त्यांनी मान हलवली.

"बरोबर आहे," म्हणाले. "छातीतून मलाही तसंच ऐकू येतं."

त्यानंतर ते झोपले. मी इथे आल्यापासून पहिल्यांदाच इतके शांत झोपले आहेत.

उद्या ये. येताना दोन उशा आण, जाड असतील त्या. आडवं झोपून त्यांना आता श्वास घेता येत नाही.

तुझी नणंद